खाणीतला बार मोजणार कोण?

गेल्या पंधरा दिवसांत तीन गावांतून फोन आले. तिन्ही गावांच्या शिवारात दगडखाण आणि खडी क्रशर आहे आणि तिन्ही फोनवरची तक्रार एकच. "दुपारी बार उडाला की घर हलतं. भिंतीला तडे गेलेत. अर्ज देऊन थकलो, कुणी ढुंकून बघत नाही. तुम्ही बातमी लावा."

बातमी लावली. दुसऱ्याच दिवशी एका क्रशरमालकाचा फोन. "पत्रकारसाहेब, काळ्या रानातली घरं तडकणारच, सगळ्या तालुक्यात तडकतात. आमचं नाव कशाला? उद्या रस्त्याला खडी नसली तर त्याचीही बातमी तुम्हीच लावणार ना?"

गंमत म्हणजे दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. पावसाळ्याआधी खडीचा साठा करून ठेवायचा म्हणून मे-जूनमध्ये बार वाढतात. आणि काळ्या रानातली घरं खाण नसलेल्या गावातही तडकतात. दोन्ही बाजू छापल्या की बातमी पूर्ण होते. पण गावकऱ्याला त्यातून मिळालं काय? काही नाही. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय. गावांची नावं मुद्दाम टाकत नाही. एका गावात बैठकीची बोलणी चालू आहेत, ती बिघडायला नकोत.

आधी आपण कुठे राहतो ते लक्षात घेऊ. आपला हा लातूर-धाराशिवचा पट्टा. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवणारी माणसं अजून घराघरात आहेत. मी तेव्हा आठवीत होतो. गणपती विसर्जन करून गाव झोपलं होतं. किल्लारी आणि आसपासच्या गावांत सुमारे दहा हजार माणसं गेली. दगड-मातीच्या जाडजूड भिंती आणि वर मातीचं माळवद, असं सगळं अंगावर आलं. त्याच्या आदल्या वर्षी, १९९२ मध्ये, त्या भागात लहान लहान धक्के बसत होते. हा इतिहास नव्या पिढीने विसरू नये.

फोन आलेल्यांपैकी एका गावात मी गेलो होतो. तिथल्या एक आजी रोज बारा वाजले की बाज अंगणातल्या लिंबाखाली ओढतात. कडक उन्हाळ्यातसुद्धा. मी विचारलं, "आजी, आत पंखा असताना बाहेर का?" म्हणाल्या, "बार होऊ दे, मग जाते आत. कधी एकला होतो, कधी तीनला. काय भरवसा?" त्यांच्या माहेरचं निम्मं घर किल्लारीत गेलंय. या बाईंना "हादरा नियमात बसतो" असं सांगून उपयोग नाही, हे मान्य. पण हादरा खरोखर नियमात बसतो का, हे तरी कुणाला माहीत आहे? नाही. कारण तिथे तो आजवर कुणी मोजलेलाच नाही. माझा सगळा मुद्दा इथेच आहे.

आता हादरा म्हणजे काय ते थोडक्यात. बार उडाला की दगडातून लाटा जातात आणि घराच्या पायाखालची जमीन पुढे-मागे, वर-खाली थरथरते. ती थरथर जास्तीत जास्त किती वेगाने होते, ते मिलिमीटर प्रति सेकंद या मापात मोजतात. ती मोजायचं यंत्र असतं. त्याचा डबा घराच्या पायाशी जमिनीत पक्का रोवतात, तीन दिशांची थरथर नोंदली जाते, सोबत मायक्रोफोनवर हवेचा धक्काही. एका गावातल्या पोरांनी मला मोबाइलच्या ॲपवरचे आलेख दाखवले. पोरांची तळमळ कौतुकाची, पण टेबलावर ठेवलेल्या मोबाइलचा आकडा कुठल्याही सुनावणीत टिकणार नाही. तो टेबलाचा हादरा असतो, जमिनीचा नाही.

मर्यादा किती? खाण सुरक्षा महासंचालनालय, ज्याचं मुख्यालय धनबादला आहे, त्याने १९९७ मध्ये परिपत्रक क्रमांक ७ काढून हे आकडे ठरवून दिले. खाणमालकाच्या मालकीची नसलेली साधी घरं, कच्ची असोत की विटा-सिमेंटची, त्यांच्यासाठी मर्यादा अशी: थरथर सेकंदाला ८ वेळांपेक्षा कमी असेल तर ५ मिलिमीटर प्रति सेकंद, ८ ते २५ वेळा असेल तर १०, आणि २५ च्या वर असेल तर १५. ऐतिहासिक आणि नाजूक वास्तूंसाठी हेच आकडे २, ५ आणि १० आहेत. नळदुर्गासारखा किल्ला, खरोशाची लेणी आणि गावोगावची हेमाडपंती देवळं ज्या भागात आहेत, तिथे हा दुसरा आकडाही पाठ पाहिजे.

संथ थरथरीला मर्यादा कडक का? झोक्याचं उदाहरण घ्या. झोक्याला त्याच्या लयीत हलका धक्का दिला तरी तो उंच जातो, अवेळी जोरात ढकललं तरी जात नाही. आपल्या एक-दोन मजली घरांची स्वतःची डुलण्याची लय संथ असते. जमिनीची थरथर त्या लयीला जुळली की घर जास्त हलतं. म्हणून नुसता वेग सांगून भागत नाही, लयही सांगावी लागते. अहवालात एकच आकडा असेल तर तो अर्धा अहवाल समजा.

गावकऱ्यांनाही एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. माणसाचं शरीर या बाबतीत फार हळवं असतं. एक मिलिमीटरच्या आतली थरथरसुद्धा आपल्याला जाणवते. भांडी वाजतात, खिडकीची काच थडथडते. त्यातही बऱ्याचदा ती काच जमिनीने नाही, हवेच्या धक्क्याने वाजलेली असते. म्हणजे हादरा जाणवला म्हणून घराला इजा झालीच, असं नाही. पण उलटंही खरं आहे. घर उभं आहे म्हणजे हादरा मर्यादेत होता, हे क्रशरवाल्याचं म्हणणंही पुराव्याशिवायचंच.

तड्यांचं भांडणही असंच. काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते. पाया उथळ असेल तर भिंत तडकते. नुसता तडा बघून तो मातीचा की बाराचा, हे कुणीच छातीठोकपणे सांगू नये. पण तडा वर्षभर बघितला तर पुष्कळ कळतं. मातीचा तडा ऋतूप्रमाणे वागतो, उन्हाळ्यात रुंदावतो आणि पावसाळ्यात मिटत येतो. एका जाणत्या स्थापत्य अभियंत्याने मला सोपी युक्ती सांगितली. भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी ठेवायची, दोन्ही टोकं प्लास्टर ऑफ पॅरिसने पक्की करायची, बाजूला तारीख लिहायची आणि फोटो काढायचा. पट्टी फुटली तर तडा सरकतोय. कधी फुटली, त्या दिवशी बार होता का, हे वहीत लिहायचं. खर्च शंभर रुपयांच्या आत. खरं तर नवीन खाण सुरू होण्याआधीच आजूबाजूच्या प्रत्येक घराची अशी फोटोसह पाहणी व्हायला हवी. म्हणजे आधीचे तडे कोणते आणि नंतरचे कोणते, हा वादच उरत नाही. यात क्रशरवाल्याचाही फायदा आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हादरा कमी करता येतो का? येतो. त्यासाठी खाण बंद करावी लागत नाही.

आपल्याकडे लहान खाणीत ट्रॅक्टरच्या कंप्रेसरवर जॅकहॅमर चालवून भोकं पाडतात, त्यांत जिलेटिनच्या कांड्या भरतात आणि वायर जोडून उडवतात. समजा ४० भोकं आहेत आणि प्रत्येकात अर्धा किलो. एकूण २० किलो. हे २० किलो एकाच क्षणी उडवले तर दीडशे मीटरवरच्या घराला २० किलोचा हादरा बसतो. तेच डिले डेटोनेटर लावून, चार-चार भोकांचा एक गट करून, दहा टप्प्यांत उडवले तर प्रत्येक टप्प्याला फक्त २ किलो. टप्प्यांमध्ये मिलिसेकंदांचं अंतर असतं. आपल्या कानाला एकच धडाम ऐकू येतो, पण जमिनीला दहा लहान धक्के बसतात. ते अंतर साधारण ८ मिलिसेकंद किंवा जास्त असलं की टप्पे वेगळे धरतात. बाजारात १७ आणि २५ मिलिसेकंदांचे डिले मिळतात.

याने फरक किती पडतो? हादऱ्याच्या गणितात अंतराला एका क्षणी फुटणाऱ्या स्फोटकाच्या वर्गमुळाने भागतात. आपल्या उदाहरणात स्फोटक दहावा भाग झालं, म्हणजे घर जणू तीन पटींहून जास्त लांब गेलं. दीडशे मीटरवरचं घर पावणेपाचशे मीटरवर नेऊन ठेवल्यासारखं. तेवढाच दगड, तेवढंच स्फोटक, पण हादरा कितीतरी पट कमी. हेच गणित उलट बाजूनेही लक्षात ठेवा. खाण गावाकडे सरकत आली आणि अंतर निम्मं झालं, तर एका क्षणी उडवायचं स्फोटक निम्मं करून चालत नाही, पाव करावं लागतं. आपल्याकडे खाणी गावाकडे सरकतात, बार मात्र तेवढाच राहतो.

एका जुन्या ब्लास्टरशी बोललो. वीस-पंचवीस वर्षं हेच काम करणारा माणूस, नाव छापू नका म्हणाला. "डिले लावला तर गाव शांत राहतं हे आम्हाला ठाऊक आहे, भाऊ. पण मालक म्हणतो, दगड तर तसाही फुटतोय, मग जास्तीचे पैसे कशाला घालायचे?" डिलेचा खर्च जास्त, हे खरं. पण तो खर्च आज शेजारचं गाव आपल्या भिंतींतून भरतंय का, हा प्रश्न कुणीतरी विचारायलाच हवा.

तड्यांच्या गदारोळात आपण त्याहून मोठा धोका विसरतो. तडा माणसाला लगेच मारत नाही. उडालेला दगड मारतो. भोकाचं तोंड मातीने किंवा दगडाच्या चुऱ्याने नीट ठासून बंद केलं नाही, स्फोटक जास्त भरलं, किंवा समोरचा दगड भेगाळलेला असला की वायू वाट काढतो आणि दगड गोळीसारखा सुटतो. मोठा दगड फोडायला वरच कांडी ठेवून, चिखल थापून उडवायची पद्धत तर सगळ्यात वाईट. आवाजही तिचाच जास्त आणि उडणारे तुकडेही. हल्ली ब्रेकर मशीन भाड्याने मिळतं, त्या कामाला बार लागतच नाही. तिन्हींपैकी एका गावात जिल्हा परिषद शाळेच्या मैदानावर पडलेला दगड मास्तरांनी कपाटात जपून ठेवलाय. मी तो हातात घेऊन बघितला. नारळाएवढा आहे. मुलं तेव्हा वर्गात जेवत होती. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये राष्ट्रीय हरित लवादापुढे शिफारस केली होती की स्फोट होत असतील तर खाण आणि वस्ती यांत किमान २०० मीटर, स्फोट नसतील तर १०० मीटर अंतर असावं. त्यावर पुढे कोर्टकज्जे झाले, पण शाळेसमोर खाण असताना एवढी साधी शिफारस डोळ्यांसमोर ठेवायला कोर्ट कशाला हवं?

मग जबाबदार कोण? मी चार ठिकाणी फोन केले. एका कार्यालयात सांगितलं, आम्ही रॉयल्टी आणि ब्रास बघतो. दुसऱ्यात, आम्ही धूळ बघतो. तिसऱ्यात, स्फोटकांचा परवाना आहे का एवढंच आमच्याकडे. चौथ्यात म्हणाले, कायदा-सुव्यवस्था बिघडली तर या. हादरा कुणाच्याच टेबलावर नाही.

कागदावर मात्र तो आहे. २०२५ पर्यंत लागू असलेला १९५२ चा खाण कायदा बांधकामाच्या दगडाच्या आणि खडीच्या उघड्या खाणींना बऱ्याच तरतुदींतून सूट देत होता. पण त्या सुटीला अटी होत्या: खोली ६ मीटरच्या वर जाता कामा नये, एका दिवशी ५० पेक्षा जास्त माणसं कामावर असू नयेत, आणि स्फोटकं वापरायची नाहीत. तिन्ही अटी पाळल्या तरच सूट. म्हणजे तुमच्या गावच्या खाणीत बार उडत असेल, तर "आमची खाण लहान आहे, आम्हाला ते नियम लागू नाहीत" हे उत्तर चालत नाही. पहिला बार उडाला की ती खाण खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या कक्षेत येते. शिवाय २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दीपक कुमार खटल्यात गौण खनिजाच्या पाच हेक्टरपेक्षा लहान पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी लागेल असं सांगितलं. त्या मंजुरीच्या पत्रात अटी असतात. त्या पत्राची प्रत मागा. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो.

आणि शेवटचा मुद्दा वेळेचा आहे. माझ्या मते तो तड्यांपेक्षाही मोठा.

२१ मार्च २०२४ ला सकाळी सहाच्या सुमाराला हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला. नांदेड-परभणीपर्यंत जाणवला. २०२१ च्या जानेवारीत कर्नाटकात शिमोग्याजवळ हुणसोडूला खाणीसाठी आणलेल्या स्फोटकांचा स्फोट झाला, तेव्हा लोक भूकंप समजून घराबाहेर पळाले. साधारण महिनाभराने चिक्कबळ्ळापूरजवळ पुन्हा तसंच. दोन्ही ठिकाणी मिळून दहाहून जास्त माणसं गेली. सांगायचं एवढंच की हादरा कशाचा आहे, हे सामान्य माणसाला नुसत्या अंगावरून ओळखता येत नाही.

आपल्या गावात रोज कुठल्याही वेळी, न सांगता बार उडतो. सुरुवातीला लोक पळतात. मग सवय होते. "खाणीतलाच असेल" म्हणून पोरं झोपून राहतात. त्या गावात मी एका तरुणाला विचारलं, रात्री हादरा आला तर काय करशील? तो हसून म्हणाला, "काय करणार, कूस बदलणार." त्याचं घर जुनंच आहे, दगड-मातीचं, वर माळवद. किल्लारीपासून हाकेच्या अंतरावर वाढलेल्या पोराला हादऱ्याची भीतीच उरली नाही, ही मला तड्यांपेक्षा गंभीर गोष्ट वाटते. म्हणून वेळ ठरलेली पाहिजे. ठरलेल्या वेळेबाहेर जमीन हलली तर तो बार नाही, बाहेर पळा, एवढं तरी गावाला कळलं पाहिजे.

म्हणून १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत या मागण्यांचा ठराव घ्या, असं सुचवतो:

१. बाराची वेळ ठरलेली, भर दुपारची. पहाटे, संध्याकाळी किंवा ढग दाटलेले असताना आवाज जास्त लांब पोचतो, तेव्हा बार नको. आधी भोंगा, रस्त्यावर लाल झेंडे आणि माणसं उभी. काम संपल्याचा वेगळा भोंगा.

२. शाळेची वेळ आणि बाराची वेळ एक नको. जमत नसेल तर त्या वेळी मुलं आत, खाणीच्या विरुद्ध बाजूच्या वर्गात.

३. खाणीकडच्या पहिल्या घराशी यंत्र लावून मोजणी, सरपंच आणि दोन गावकऱ्यांच्या समोर. मोजणीच्या दिवशी लहान बार उडवून आकडा कमी दाखवायची पळवाट सगळ्यांना माहीत आहे. म्हणून त्या दिवशी किती भोकं, किती किलो, एका टप्प्याला किती किलो हे अहवालात पाहिजे, आणि ते एरवीच्या स्फोटकांच्या नोंदवहीशी जुळलं पाहिजे.

४. मोजणी मालकाच्या ओळखीच्या माणसाकडून नको. नागपूरला व्हीएनआयटीत खाणकाम अभियांत्रिकीचा विभाग आहे, सीएसआयआरच्या खाण संशोधन संस्थेचं केंद्रही आहे. खाणबाधित गावांसाठीच जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे. मोजणीचा खर्च तिथून मागा.

५. डिलेशिवाय बार नको, दगडावर कांडी ठेवून फोडणं पूर्ण बंद.

६. हद्दीजवळच्या घरांची आजच फोटोसह पाहणी, प्रत मालकाकडे, ग्रामपंचायतीकडे आणि घरधन्याकडे.

यातली एकही मागणी "खाण बंद करा" म्हणत नाही. खडी लागणारच आहे. आपला प्रत्येक रस्ता, घरकुल, शाळेची नवी खोली त्याच खडीने होते. चांगला क्रशरमालक या सहा गोष्टी आज मान्य करील, कारण मोजणी झाली आणि आकडा मर्यादेत निघाला तर तोच सुटेल. जो मोजायलाच नको म्हणतो, त्याला कारण विचारा.

ज्या गावांना ठरावाचा मसुदा आणि माहिती अधिकाराच्या अर्जाचा नमुना हवा असेल त्यांनी कळवा, पाठवतो. आणि काचपट्ट्या लावल्या तर तारखेसह फोटो जपून ठेवा. सहा महिन्यांनी तीच बातमी पुन्हा लावायची वेळ आली, तर या वेळी बातमीत तुमचे आकडे पाहिजेत.